क्विटोचं जुनं शहर दोन दिवसांत पायी : चढ-उतार, दम आणि शाकाहारी आई-बाबा

लक्ष्मीभुवन_चौक

मंडळी, येत्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन इक्वाडोरला जाऊन राहिलो. राजधानी क्विटोत पूर्ण दिवस दोनच मिळतात, तिसऱ्या दिवशी दुपारी पुढचं विमान. टूरवाल्याने पाठवलेल्या कागदावर "सिटी टूर, ४ तास, ९ चर्च" असं आहे. म्हणजे बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा. ते नको. जुनं शहर पायी, सावकाश, काहीतरी कळेल असं बघायचं आहे.

अडचणी सांगून ठेवतो. आई ६३, उजवा गुडघा दुखतो. बाबा ६८, बीपीची गोळी चालू. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. रोजचं चालणं म्हणजे ट्रॅफिक पार्कच्या चार चकरा, त्याही सपाटीवर.

उंचीचा त्रास कितपत मनावर घ्यायचा? कुठून सुरू करून कुठे संपवायचं? नऊपैकी कोणती तीन-चार चर्च आतून बघण्यासारखी? जेवणाचं काय? आणि टेकडीवरच्या त्या पंखवाल्या पुतळ्यापर्यंत पायऱ्या आहेत म्हणे, त्या चढाव्या का?

झिरो_माईल

उंचीपासून सुरू करतो, कारण बाकी क्रम तिच्यावरच ठरतो. आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या दगडावर १०२० फूट कोरले आहेत, म्हणजे ३११ मीटर. क्विटो २,८५० मीटरवर. शिमला साधारण २,२०० आणि लेह ३,५००, त्या दोघांच्या मधे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे श्वासागणिक ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. डोकं दुखतं, भूक मरते, रात्री झोप मोडते, एक मजला चढला की धाप लागते. लोक फसतात ते इथे : उतरल्याबरोबर काहीच होत नाही. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो. पहिल्या सकाळी "आपल्याला काही होत नाही बा" म्हणत शहर पालथं घालणारे दुसऱ्या दिवशी हॉटेलात पडून असतात. चिखलदऱ्याला दोन दिवस राहून सराव करा असं कोणी सुचवेल, तर त्याचा उपयोग शून्य. ते जेमतेम अकराशे मीटर.

विमानतळ शहरात नाही. पूर्वेला ताबाबेला नावाच्या भागात आहे, साधारण २,४०० मीटरवर. रात्री उतरत असाल तर पहिली रात्र तिकडेच काढा आणि सकाळी शहरात या. झोपेची उंची चारशे-साडेचारशे मीटरने कमी राहते, शिवाय रात्रीचा लांबचा टॅक्सीप्रवास टळतो. पाणी भरपूर, पहिले दोन दिवस दारू नाही, रात्रीचं जेवण हलकं. उंचीच्या गोळीबद्दल बाबांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा. ती लघवी वाढवते, बीपीच्या काही गोळ्याही तेच करतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

आता रस्ता. जुनं क्विटो पिचिंचा ज्वालामुखीच्या पायथ्याशी उतारावर वसलं आहे, आणि त्या उताराला डोंगरातून आलेल्या घळींनी चिरलेलं होतं. स्पॅनिश लोकांनी १५३४ मध्ये इथे शहर स्थापलं तेव्हा चौकोनी आखणी तशीच्या तशी या उंचसखल जागेवर अंथरली. घळी हळूहळू बुजवल्या, काहींवर कमानी टाकून रस्ते नेले. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि चढ मात्र घाटातले, हे असं त्यामुळे झालं. ढोबळ नियम लक्षात ठेवा : पश्चिमेला पिचिंचा, म्हणजे चढ. पूर्वेला उतार. हरवलात तरी पायाला दिशा कळते.

त्यामुळे पहिल्या दिवशी सुरुवात वरून, सान फ्रान्सिस्कोच्या चौकातून करा. या चौकाखालीच मेट्रोचं स्टेशन आहे. मेट्रो डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, एकच मार्ग, १५ स्टेशनं, तिकीट ४५ सेंट. बाहेर पडलं की समोर चौक. तिथून सुक्रे रस्त्याने पूर्वेकडे, तो बहुतेक पायी चालणाऱ्यांसाठीच आहे. एक चौक उतरलं की कोपऱ्यावर ला कोम्पानिया हे चर्च. तिथून डावीकडे गार्सिया मोरेनो रस्त्याने एक चौक गेलं की प्लाझा ग्रांदे, म्हणजे शहराचा मुख्य चौक. सगळं मिळून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, पण आतून बघत गेलं तर तीन-साडेतीन तास कसे जातात कळत नाही. तेवढंच पहिल्या दिवशी. नऊ वाजता निघा, एकच्या आत जेवायला बसा, दुपारी आडवे व्हा.

प्लाझा ग्रांदेत आलं की बाकावर बसून कॅथेड्रलकडे नीट बघा. ते चौकाला तोंड करून नाही, कूस करून उभं आहे. मागे घळ होती, इमारत लांबीला दुसऱ्या बाजूला फिरवता येईना. असे पुरावे शहरभर सापडतात. सान फ्रान्सिस्कोच्या पुढचा तो उंच दगडी ओटा शोभेचा नाही, उतार सपाट करायला बांधलेला आहे, आणि पोटात गाळे आहेत. दक्षिणेकडचा चोवीस मे हा रुंद रस्ता तर एका आख्ख्या घळीच्या डोक्यावर उभा आहे. चर्चं मोजत फिरण्यापेक्षा या घळी शोधत फिरलात तर शहर जास्त उलगडतं, असं माझं स्पष्ट मत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने वर बासिलिका या मोठ्या चर्चला, तिथून व्हेनेझुएला रस्त्याने उतरत खाली. संध्याकाळ ला रोंदात.

वार बघून ठेवा. बरीच म्युझियमं सोमवारी बंद. रविवारी सकाळी ला कोम्पानियात प्रार्थना असते, तिकीटवाल्यांना दुपारी सोडतात. ला रोंदाची गल्ली गुरुवार ते शनिवार संध्याकाळी जिवंत असते, एरवी अर्धी दारं बंद.

चितारओळ

झिरो माईल यांचा घळींचा मुद्दा मान्य, पण "चर्चं मोजत फिरू नका" याचा अर्थ आत जाऊच नका असा कोणी काढू नये. क्विटोचा खरा ऐवज आत आहे. तिथे चितारओळी होती, म्हणजे मूर्तिकार-चित्रकारांची वस्ती, तीही दोन-अडीचशे वर्षं भर धंद्यात. स्पॅनिश मिशनऱ्यांनी स्थानिक आणि मिश्र वंशाच्या कारागिरांना मूर्ती-चित्रं शिकवली, आणि थोड्याच पिढ्यांत तिथला माल दूरदूर जाऊ लागला. त्यालाच क्विटो घराणं म्हणतात. तीन नावं पाठ ठेवा, म्हणजे पाट्या वाचताना ओळख पटेल : चित्रकार मिगेल दे सांतियागो, मूर्तिकार बेर्नार्दो दे लेगार्दा, आणि मानुएल चिली. हा शेवटचा स्थानिक आदिवासी कारागीर, कास्पिकारा या नावाने ओळखला जातो.

मूर्ती कशी घडते ते कळलं की बघण्यात फरक पडतो. लाकूड सेद्रो, म्हणजे आपला देवदार नव्हे, कडुनिंबाच्या कुळातलं. कोरून झालं की त्यावर खडू-सरसाचे पातळ थर, प्रत्येक घासून गुळगुळीत. सोनं लावायच्या जागी तांबडी चिकणमाती, तिच्यावर सोन्याचा वर्ख, तो अकीकाच्या दगडाने घोटायचा. वर्खावर पुन्हा रंग द्यायचा आणि रंग ओला-सुका असताना टोकदार काडीने नक्षी खरवडायची, की खालचं सोनं रेषारेषांतून बाहेर येतं. मूर्तीच्या वस्त्रांवर जी जरी दिसते ती अशी : रंगाखाली सोनं. चेहऱ्याची कातडी वेगळ्याच रीतीने करत. त्वचेचा रंग देऊन जनावराच्या ओल्या मूत्राशयाने घोटत, त्यामुळे गालावर चिनी मातीसारखी चकाकी येते. डोळे काचेचे, आतून बसवलेले. काही मूर्तींचा चेहरा म्हणजे वेगळा ओतलेला शिशाचा मुखवटा असतो. कानापाशी बारीक सांधा दिसतो का बघा.

तिकीट एकाच ठिकाणी काढायचं तर ला कोम्पानिया. काम १६०५ ला सुरू, १७६५ ला पूर्ण, आणि दोनच वर्षांनी ते बांधणाऱ्या जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंना हाकलून दिलं. ज्यांनी एकशेसाठ वर्षं बांधलं त्यांना दोन वर्षं लाभलं. दर्शनी भाग करड्या ज्वालामुखी दगडाचा, पिळाचे खांब. आत पाऊल टाकलं की छत-भिंती सगळं सोनेरी. डोळे दिपले म्हणून लगेच वेदीकडे धावू नका. दारापाशीच थांबा. एका बाजूला गोल जिना आहे, दुसऱ्या बाजूला तसाच जिना भिंतीवर नुसता रंगवलेला, डावं-उजवं जुळावं म्हणून. मग भिंतीवरच्या भौमितिक वेलबुट्टीकडे बघा, ती थेट मूरिश आहे, स्पेनमधल्या मुसलमानी कारागिरीतून आलेली. दाराजवळ नरकाचं मोठं चित्र आहे, कोणत्या पापाला कोणती शिक्षा ते नावानिशी. आता तिथे आहे ती १८७९ मधली नक्कल. इमारतीला १९९६ मध्ये डागडुजी चालू असताना आग लागली होती, त्यानंतर पुन्हा दुरुस्ती झाली.

दुसरं सान फ्रान्सिस्को. मठ आणि चर्च मिळून तीन हेक्टरांवर पसरलेला पसारा, सुरुवात १५३० च्या दशकातली. मुख्य वेदीवर लेगार्दाची १७३४ मधली पंखवाली मेरी आहे. पाय सापावर, हातात साखळी, अंगाला नाचल्यासारखी गिरकी. टेकडीवरचा राक्षसी पुतळा हिचीच मोठी प्रत. मूळ मूर्ती आधी बघा, मग टेकडीवरचीबद्दल मत बनवा. चर्चमध्ये जायला पैसे नाहीत, मठाच्या म्युझियमला तिकीट आहे, आणि ते काढाच, कारण मूर्ती तिथे डोळ्यांच्या पातळीवर, हाताच्या अंतरावर आहेत. समोरच्या ओट्यावर चढायच्या गोल पायऱ्यांबद्दल एक लोककथा आहे. कांतुन्या नावाच्या कंत्राटदाराने सैतानाकडून रातोरात ओटा बांधून घेतला आणि एक दगड लपवून ठेवला, म्हणून आत्मा वाचला. वाटाड्या प्रत्येकाला तो रिकामा दगड दाखवतो, आणि प्रत्येक वाटाड्याचा दगड वेगळा.

तिसरं, बसवाले सहसा नेत नाहीत ते, सान आगुस्तिन. प्लाझा ग्रांदेपासून पूर्वेला जवळच. तिथल्या सभागृहात स्पेनविरुद्धच्या १० ऑगस्ट १८०९ च्या उठावाला १६ ऑगस्टला मंजुरी दिली गेली. मिगेल दे सांतियागोची मोठी चित्रमालिका मठाच्या ओवऱ्यांत लागलेली आहे. गर्दी नसते.

कॅथेड्रल जमलं तर. सुक्रे या सेनापतीची समाधी आत आहे, ज्याच्या १८२२ च्या पिचिंचावरच्या विजयाने देश मोकळा झाला. बाकीची चर्चं बाहेरून.

अजून एक, फुकटचं. कुठल्याही जुन्या घराचं दार उघडं दिसलं तर देवडीत डोकावा. हो, देवडीच, आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यांसारखी. तिकडे तिला सागुआन म्हणतात, तिच्यापुढे चौक, चौकाभोवती ओवरी, वर गॅलरी. जमीन बघा. काळ्या गोट्यांच्या फरशीत पांढरी नक्षी असेल तर ती बहुतेक बैलाच्या हाडांची असते, हाड उभं रोवून वरचं टोक तेवढं दिसेल असं. आधी "बुएनोस दियास" म्हणा, मग आत.

तर्री_कमी

जेवणाचं. तिकडे "कार्ने" म्हणजे बऱ्याच लोकांच्या लेखी फक्त गाय-बैलाचं मांस. "सिन कार्ने" सांगितलं की कोंबडी घालून आणतात आणि वर प्रामाणिकपणे म्हणतात, कार्ने नाही. पूर्ण वाक्य कागदावर लिहून न्या : सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हुएवो, सिन मान्तेका दे चांचो. मांस, कोंबडी, मासे, अंडं आणि डुकराची चरबी, हे सगळं नको. शेवटचा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. बाकी पदार्थ शाकाहारी असूनही घोटाळा चरबीत होतो.

यापिंगाचो म्हणजे बटाट्याच्या चीज भरलेल्या टिक्क्या, दिसायला निरुपद्रवी, पण तव्यावर बहुधा चरबी. तोस्तादो, म्हणजे भाजलेला मका, तोही पुष्कळदा चरबीतच परततात. उमिता म्हणजे मक्याच्या पानात उकडलेला ओल्या मक्याचा गोळा, त्यात अंडं असतं. एस्पुमिया दिसते आइस्क्रीमसारखी आणि गाडीवर उन्हात वितळत नाही. का वितळत नाही? पेरूच्या गरात फेटलेलं अंड्याचं पांढरं आहे म्हणून. तुमच्यासाठी बाद.

चालणारं पुष्कळ आहे. उकडलेलं मक्याचं कणीस चीजबरोबर, मोते म्हणजे फुगवलेला पांढरा मका, उकडलेल्या पावट्यासारख्या आबास. चोचोस नावाच्या कडधान्याची कांदा-टोमॅटो-लिंबाची भेळ मिळते, वर केळ्याचे वेफर्स. त्यात तोस्तादो घालू नका म्हणा. लोक्रो हे बटाट्याचं दाट सूप, वर चीज आणि अवोकाडो, आईला नक्की आवडेल, पण पाणी कोंबडीचं आहे का हे विचारूनच. मोरोचो म्हणजे मका-दूध-दालचिनीची खीर, मनुका घातलेली, गरम. एम्पानादा दे व्हिएंतो ही फुगलेली मोठी पुरी, आत थोडं चीज, वर साखर. पिठात आणि तळणात काय आहे विचारा. शेंगदाण्यावर साखर चढवलेले कोलासिओनेस घरी आणण्यासारखे. आपले साखरफुटाणेच म्हणा, फक्त तांब्या-पितळेच्या टांगलेल्या कढईत हलवून हलवून केलेले.

एक गोष्ट कडक पाळणाऱ्यांना माहीत असावी : तिकडचं ताजं चीज जमवायला बरेचदा वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. हे चालत नसेल तर चीज बादच धरा.

दुपारचं "आल्मुएर्सो" म्हणजे ठरलेली थाळी. सूप, मुख्य ताट, रस. तीन-चार डॉलरात. पण तिची दोन्ही ताटं मांसाहारी असण्याची शक्यता दाट. नुसता भात, मसूर आणि तळलेलं केळं मागा, हे बहुतेक ठिकाणी तयार असतं. मसुरात सॉसेज नाही ना, तेवढं विचारा. तिखटाची काळजी नको. टेबलावर आहीची वाटी असते, झाडावरच्या टोमॅटोची आंबट-तिखट चटणी. आपल्याकडच्या तर्रीपुढे ती म्हणजे सरबत.

हॉटेलात स्वतः काही करणार असाल तर पाणी तिथे साधारण ९० अंशांनाच उकळतं. चहा फिका लागतो, डाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. भिजवून होणारे पोहे न्या, खिचडीचा नाद सोडा.

लक्ष्मीभुवन_चौक

सगळ्यांचे आभार. दोन शंका. बासिलिकेपासून उतरत यायचं म्हणता, पण आईचा गुडघा उतरतानाच जास्त दुखतो. आणि पुतळ्याच्या पायऱ्यांचं कोणीच बोललं नाही.

रामटेक_पायरी

पायऱ्यांचं आधी : चढू नका. पानेसियो टेकडीवर जाणाऱ्या पायऱ्या आणि पायवाटा लुटालुटीसाठी कुप्रसिद्ध आहेत, दिवसाही. टॅक्सी करून वर जायचं, तिला थांबवून ठेवायचं, त्याच टॅक्सीने खाली. वर आवार असतं, लोक असतात, तिथे भीती नाही. पुतळा १९७० च्या दशकातला, ॲल्युमिनियमच्या सुमारे ७,००० तुकड्यांचा. बघायचा तो पुतळ्यापेक्षा तिथून दिसणारा नकाशा. झिरो माईल यांनी सांगितलेल्या घळी वरून ओळखता येतात. सकाळी जा, दुपारनंतर ढग येतात.

गुडघ्याबद्दल झिरो माईल यांची चूक. "गाडीने चढ, पायी उतार" हे दमासाठी बरोबर, गुडघ्यासाठी उलटं. उतरताना अंगाचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. बासिलिकेपासूनचे पहिले दोन-तीन चौक चांगलेच तिरपे आहेत आणि फरशी दगडी, वर्षानुवर्षं झिजून गुळगुळीत. पाऊस पडला की साबण. तेव्हा बासिलिकेहून प्लाझा ग्रांदेपर्यंतही टॅक्सीच करा, किलोमीटरभराचा प्रश्न आहे. सान फ्रान्सिस्को ते प्लाझा ग्रांदे हा उतार सौम्य आहे, तो आई करू शकतील. दुमडणारी एक काठी न्या, दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची, म्हणजे डाव्या. बूट रबरी तळाचे, आधी महिनाभर घालून मऊ केलेले.

बासिलिकेच्या मनोऱ्याचं तिकीट आई-बाबांसाठी काढू नका. आतलं तिकीट वेगळं, मनोऱ्याचं वेगळं. मनोऱ्याला जाताना छताच्या कमानींवरून लाकडी फळ्यांचा पूल आहे आणि पुढे जवळजवळ उभ्या लोखंडी शिड्या. तुम्ही एकटे जा. ते दोघं बाहेरच बसून वर बघू दे, खरी मजा बाहेरच आहे. युरोपातल्या गॉथिक चर्चवर पावसाचं पाणी ओकणारे राक्षस असतात, तिथे यांनी इगुआना, कासवं, आर्माडिलो, माकडं असे स्वतःच्या देशातले प्राणी बसवले. बांधकाम १८९२ ला सुरू झालं आणि अजून पुरं झालेलं नाही असं मानतात. पुरं झालं की जग बुडेल, अशी म्हण आहे. कंत्राटदारांना सोयीची.

दुसऱ्या दिवशी दुपारी सपाटीवरचं एक ठिकाण : शहराचं म्युझियम. १५६५ मध्ये सुरू झालेलं इस्पितळ, १९७४ पर्यंत चालू होतं, त्याच इमारतीत आता क्विटोच्या लोकांच्या रोजच्या जगण्याचं म्युझियम आहे. बसायला चौक आहे, शौचालय आहे. बाहेर रस्त्यावर कमान आहे, चर्चला आलेल्यांनी पावसात उभं राहावं म्हणून बांधलेली. समोरच्या कार्मेन आल्तो मठात जोगिणी बाहेर येत नाहीत. भिंतीतल्या लाकडी फिरत्या पिंपात पैसे ठेवायचे, पिंप फिरतं, मिठाई-मध बाहेर येतो. तिथून ला रोंदा जवळ, पण थोडा उतार आहे, सावकाश.

चोरांचं सरळ सांगतो. देशात गेल्या काही वर्षांपासून गुन्हेगारीमुळे अधूनमधून आणीबाणी लागू होते, त्यामुळे निघायच्या आठवड्यात आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना वाचा. शहरात मोबाईल हातात धरून चालायचं नाही. नकाशा बघायचा तर दुकानात शिरून. अंगावर कोणी सॉस किंवा घाण उडवली आणि दुसरा पुसायला आला तर थांबू नका, तो पुसणाराच जोडीदार असतो. टॅक्सी हॉटेलमधून किंवा ॲपवरून, रस्त्यात हात दाखवून नाही. साडेसातनंतर ला रोंदा आणि प्लाझा ग्रांदे सोडून बाकी गल्ल्या रिकाम्या होतात, तेव्हा पायी फिरणं बंद.

सोनेगाव_डिपार्चर

कागदपत्रांत एक खड्डा आहे, तो कोणीच दाखवला नाही. पिवळ्या तापाची लस. क्विटो एवढ्या उंचीवर आहे की तिथे त्या तापाचा धोका नाही, पण भारताचा नियम शहराचा नाही, देशाचा आहे. इक्वाडोर यादीत आहे. परत येताना पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच. तिथेही वार आणि नंबर ठरलेले असतात, म्हणून महिनाभर आधी चौकशी. मुख्य म्हणजे साठीच्या पुढे या लसीचे दुष्परिणाम जरा जास्त आढळतात. दोघांचंही वय त्यात बसतं, तेव्हा आधी डॉक्टर, मग तिकीट. अंड्याची ॲलर्जी असेल तर तेही सांगायचं. खात नाही म्हणजे ॲलर्जी नव्हे, हा फरक डॉक्टरला स्पष्ट करा.

इक्वाडोरचा व्हिसा भारतीयांना लागतो, दूतावासाच्या साइटवर ताजी यादी बघा. अमेरिकेतून विमान बदललं तर नुसतं बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. माद्रिद किंवा ॲमस्टरडॅमहून क्विटोला थेट विमानं आहेत. नागपूरहून आधी दिल्ली-मुंबई आहेच. दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका. दिल्लीच्या धुक्याचा हंगाम नसला तरी जुलैत मुंबईचा पाऊस असतो.

चलन अमेरिकन डॉलर, २००० सालापासून. पन्नास-शंभरच्या नोटा दुकानदार हातात घेत नाहीत. एक, पाच, दहाच्या नोटा आणि एक डॉलरची नाणी जवळ ठेवा. चर्चच्या तिकिटाला, शौचालयाला, मेट्रोला, सगळीकडे सुटे लागतात. "सुएल्तोस" म्हणजे सुटे. आपल्या ऑटोवाल्यांइतकीच टंचाई तिथेही.

जुलै म्हणजे तिकडे कोरडा हंगाम. तापमान दुपारी वीस अंशांच्या आसपास, रात्री दहापर्यंत उतरतं. पण विषुववृत्तावरचं ऊन आणि वर एवढी उंची. गारव्यामुळे कळत नाही आणि दोन तासांत कातडी सोलते. मे महिन्यात नागपुरात दुपट्टा बांधून फिरणारा माणूस तिथे उघड्या डोक्याने निघतो, हे ठरलेलं. टोपी, क्रीम, फुल बाह्या.

लक्ष्मीभुवन_चौक

लसीचं खरंच माहीत नव्हतं. उद्याच डॉक्टरांकडे जातो. शेवटचं : तिसऱ्या दिवशी सकाळी तीन तास मोकळे आहेत. टूरवाला विषुववृत्ताच्या स्मारकाला नेतो म्हणून राहिला. जावं का?

झिरो_माईल

गुडघ्याची चूक कबूल. रामटेक_पायरी यांचंच ऐका.

विषुववृत्ताचं स्मारक शहराच्या उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटर. ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन तुमचे तीन तास संपतील आणि विमानाची धाकधूक वेगळी. शिवाय ती पिवळी रेघ खऱ्या विषुववृत्तापासून सुमारे २४० मीटर बाजूला आहे. फोटोसाठी हौस असेल तर वेगळी गोष्ट.

त्याऐवजी ला आलामेदा बाग बघा. सान फ्रान्सिस्कोच्या पुढचंच मेट्रो स्टेशन, नावही तेच. बागेत १८७३ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा आहे, दक्षिण अमेरिकेतल्या सगळ्यांत जुन्यांपैकी. हे शहर पृथ्वी मोजायच्या कामात फार आधीपासून आहे. १७३६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ इथे येऊन पोचले आणि क्विटोच्या दक्षिणेकडच्या डोंगररांगांत वर्षानुवर्षं त्रिकोण मोजत राहिले. विषुववृत्ताजवळचा एक अंश आणि ध्रुवाकडचा एक अंश यांची तुलना करून पृथ्वी ध्रुवांवर चपटी असल्याचं पक्कं झालं. तेच काम आपल्याकडे लॅम्ब्टन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याने दक्षिणेतून मोजत मोजत वर आणलं, आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. नागपूर तिथून ऐंशी किलोमीटरसुद्धा नाही. वेधशाळेतल्या जुन्या दुर्बिणी आणि घड्याळं बघायला तास पुरतो. बाग बरीचशी सपाट आहे, आई-बाबांना बाकावर बसता येईल. सामान मात्र हॉटेलातच ठेवून जा, बॅगा घेऊन मेट्रोत शिरू नका. आणि सोमवार असेल तर आधी फोन करून वेधशाळा उघडी आहे का विचारून घ्या.

पत्ता शोधताना अडखळाल म्हणून सांगतो : क्विटोत घरनंबराआधी अक्षर असतं. एन म्हणजे उत्तर, एस दक्षिण, ई पूर्व, आणि ओ-ई अशी दोन अक्षरं असतील तर पश्चिम. ई आणि ओ-ई मधे गफलत झाली की माणूस शहराच्या उलट टोकाला, म्हणजे चढाकडे निघतो.